जेवणाचा फॉर्म आणि घरातलं पाचवं माणूस

माझ्या धाकट्या मुलीला शाळेतला शुक्रवारचा पिझ्झा खायचा होता आणि माझ्या आईचा त्याला विरोध होता. आमच्याकडे त्या वर्षी जे झालं त्याची सुरुवात या भांडणापासूनच करायला हवी, कारण पुढे सगळं डब्यापाशी येऊन अडलं.

पिझ्झा काही विशेष नव्हता. मी तो पाहिला आहे. चौकोनी, तळहाताएवढा, वर चीज घट्ट बसलेलं. बाजूला मक्याचे दाणे, सफरचंदाच्या फोडी आणि दुधाचा छोटा खोका. पण तो ट्रेमध्ये मिळायचा. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, शेवटी एका छोट्या मशीनवर आपला सहा अंकी आकडा दाबायचा आणि मैत्रिणींच्या बाकाकडे पळायचं. कोणाच्या जेवणाचे पूर्ण पैसे येतात, कोणाला सवलत आहे आणि कोणाला ते मोफत आहे हे रांगेतल्या कोणालाही कळत नाही. सगळे सारखाच आकडा दाबतात. धाकटीला पहिलीत असतानाच तिचा आकडा मिळाला होता आणि तो तोंडपाठ होता. तिसरीत आली तरी तो दाबायची संधी आली नव्हती, हे तिचं खरं दुःख होतं.

संधी आली नव्हती कारण आमच्याकडे डबा होता. माझी आई दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून कायमची आमच्याकडे, अमेरिकेत हर्नडनला राहायला आली आणि आल्या आठवड्यात डब्याचं खातं तिने ताब्यात घेतलं. पहिल्याच दिवशी तिने पोळीला तूप आणि शेंगाची चटणी लावून घट्ट गुंडाळी करून दिली. अकरा वाजता शाळेतून फोन. वर्गात एका मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं मोठं राष्ट्र, आणि शेंगदाण्याला भितं." दुसऱ्या दिवसापासून जवसाची चटणी सुरू झाली. मग धपाटे.

"आजी, फ्रायडेला नो धपाटे. प्लीज."

"का गं? मैत्रिणी हसतात का?"

"नाही. दे ईट इट. मला काहीच उरत नाही."

आईने त्यावर उपाय म्हणून दोन धपाटे जास्त द्यायला सुरुवात केली. पिझ्झ्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

त्या वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली. मी एकवीस वर्षं आकड्यांच्या कामात होतो. लोकांनी भरलेली माहिती बरोबर आहे का, कुठे रकाना रिकामा राहिलाय का, दोनदा मोजलं गेलंय का, हे बघायचं काम. ते काम कंपनीने दुसरीकडे हलवलं आणि आमच्या गटातल्या अकराही जणांना एकाच दिवशी पत्रं मिळाली. बायको एका दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला आहे, आठवड्यातून चार दिवस. तिचा पगार, माझा बेकारी भत्ता आणि घराच्या हप्त्यासाठी साठवलेले पैसे, यावर आमचं चालू लागलं. मी हे दुःखाने लिहीत नाही. एक गोष्ट मला त्या महिन्यांत पहिल्यांदाच मिळाली: धाकटीला रोज चालत शाळेत सोडणं. घरापासून शाळा सतराशे पावलं आहे. तिची सव्वीसशे.

वेळ होता म्हणून शाळेच्या पालक समितीत गेलो. तिथे केक आणणारे लोक मिळतात, तक्ते करणारे मिळत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी मुख्याध्यापिकेने मला विचारलं की सभेसाठी एक साधा तक्ता करून द्याल का. गेल्या सहा वर्षांत शाळेतल्या किती मुलांना मोफत किंवा सवलतीचं जेवण मंजूर झालं, एवढंच दाखवायचं होतं. मला फक्त बेरजा मिळाल्या. नावं मला दिसली नाहीत आणि दिसू नयेत असाच नियम आहे.

हा आकडा जेवणापुरता नसतो. शाळेत किती मुलं गरीब घरांतली आहेत हे कोणी घरोघर जाऊन मोजत नाही. जेवणाचा फॉर्म भरून जितकी मुलं मोफत किंवा सवलतीच्या गटात बसतात, तेवढी गरीब धरायची. ज्या घरांना आधीच सरकारी शिधा मिळतो त्यांची मुलं फॉर्मशिवाय आपोआप मोजली जातात, बाकीच्यांचा फॉर्म लागतो. शाळेचा आकडा एका ठरावीक रेषेच्या वर असेल तर जास्तीचा पैसा येतो. आमच्या शाळेत त्या पैशातून एक पूर्ण पगार निघायचा. तो वाचनखोलीच्या बाईंचा.

वाचनखोली म्हणजे जिमला लागून असलेली, पूर्वी चटया ठेवायची खोली. मधल्या भिंतीवर पलीकडून दिवसभर चेंडू आदळत असतो. बाई उंच, पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा कायम केसांत. पहिलीत आमच्या धाकटीला अक्षरं यायची, पण शब्द होईना. दोन भाषांमध्ये अखंड बडबड करणारी मुलगी पुस्तक समोर आलं की पाणी प्यायला उठायची. बाईंनी तिला रोज वीस मिनिटं, आणखी पाच मुलांबरोबर, त्या खोलीत बसवलं. पलीकडे चेंडू आपटला की इकडे एक शब्द म्हणायचा, असा खेळ त्यांनी लावला. पाच महिन्यांनी एका सकाळी धाकटीने आमच्या स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीवरची सगळी बारीक अक्षरं वाचून दाखवली, शेवटच्या तारखेपर्यंत. आईने तिची दृष्ट काढली. अजूनही ती वाचताना डाव्या हाताने टेबलावर ठोके देते.

आणि माझ्या तक्त्यातली रेघ खाली येत होती. सभेत मुख्याध्यापिकेने स्पष्ट सांगितलं. आज आपण रेषेच्या सोळा मुलं खाली आहोत. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मोजणी होते. तेव्हाही खालीच असलो तर पुढच्या वर्षी वाचनखोलीचा पगार निघणार नाही. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला आणि माझा तक्ता बघितला.

एक पालक म्हणाले, "म्हणजे आपल्याकडची गरिबी कमी झाली. चांगलीच बातमी आहे ना?"

मला ते पटेना. मी तक्ता केला होता, त्यात असं काही दिसत नव्हतं. रेघ हळूहळू उतरली असती तर गोष्ट वेगळी. ती एका वर्षात खाडकन पडली होती. इतकी घरं एका उन्हाळ्यात सुखवस्तू होत नाहीत. माझं घर तर उलट दिशेला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुख्य क्लार्क बाई एल साल्वाडोरच्या. शाळेत कोणाची कुठली बस, कोणाची मावशी कुठल्या दिवशी न्यायला येते, हे त्यांना ठाऊक. मी त्यांना विचारलं, लोक श्रीमंत झाले का?

त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "नाही हो. लोकांची सवय गेली. साथीच्या काळात सगळ्यांनाच जेवण मोफत होतं, कोणी फॉर्म मागितला नाही. आता पुन्हा मागतो तर निम्म्या आयांना वाटतं, हे मागच्या वेळी झालं. काही घाबरतात. आणि तुमचे लोक..."

"आमचे लोक काय?"

"तुमचे लोक मला सांगतात, आमचं मूल डबा आणतं. मग फॉर्म कशाला?"

मग त्यांनी मला नीट समजावलं. मूल शाळेचं जेवण खातं का याच्याशी मोजणीचा संबंध नाही. फॉर्म मंजूर झाला की मूल मोजलं जातं. मग ते वर्षभर घरचा डबा खाईना का.

मी घरी येताना त्याचाच विचार करत होतो. आमच्या भागात आपली माणसं पुष्कळ आहेत आणि सगळीच मोठ्या पगाराची नाहीत. कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, कोणी शिकायला आलेलं, कोणाच्या बायकोला व्हिसामुळे काम करता येत नाही. पण घरात पीठ आहे तोवर डबा जातो, आणि डबा जातोय तोवर आपल्याला कशाची गरज नाही असं आपल्याला वाटतं. तेवढी मुलं मोजणीतून गळत होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेची पालक-संध्याकाळ होती. मी जिमच्या दाराशी एक टेबल मागून घेतलं. मोठ्या कागदावर इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि मराठीत लिहिलं: "मूल डबा आणत असलं तरी फॉर्म भरा." स्पॅनिश क्लार्क बाईंनी तपासून दिलं. मराठी आईने तपासलं आणि अक्षर वाईट असल्याचं सांगितलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते म्हणजे माझा पुण्याचा मित्र. त्याची दोन्ही मुलं त्याच शाळेत.

"यार, सोळाच कमी आहेत ना? मी भरतो. आपल्या ग्रुपमधल्या अजून आठ-दहा जणांना सांगतो. झाले सोळा."

"तुमचे पगार बसत नाहीत त्यात."

"कोण बघतंय?"

"काही फॉर्म उचलून तपासतात. आणि नाही तपासले तरी आकडा खोटा होईल."

"अरे, बाईंसाठी करतोय ना आपण! नोकरी गेली तरी तुझ्यातला इन्स्पेक्टर काही गेला नाही." मग जरा वेळाने, "बरं, मग मी काय करू?"

"त्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या आण. लोकांना बसून भरता येईल."

त्याने चार आणल्या आणि शेवटपर्यंत थांबला. पेनं वाटली, रडणारी दोन बाळं सांभाळली.

साडेसहाच्या सुमारास एक तरुण बाई आली. नागपूरची, बोलण्यावरून लगेच कळलं. मुलगी पहिलीत. तिने पाटी पूर्ण वाचली, पुढे गेली आणि परत आली.

"दादा, आमची पोरगी तर रोज टिफिनच नेते. तिला इथलं काही आवडतच नाही."

"चालतं. मोजणीसाठी भरायचा."

"तसं नाही हो. आम्ही कधी कोणाकडून असं घेतलं नाही."

"घेऊ नका. डबाच द्या. शाळेत हजेरी घेतात ना, तशी ही हजेरी समजा. मुलगी बाकावर बसलेली आहे, पण नाव पुकारल्यावर कोणी ओ दिली नाही तर वहीत गैरहजर लागते."

ती हसली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं की हे ग्रीन कार्डाच्या फाइलला नडेल का. मी सांगितलं की शाळेच्या जेवणाचा तिकडे संबंध लावत नाहीत आणि फॉर्ममध्ये व्हिसाबद्दल एकही प्रश्न नाही, पण माझ्या शब्दावर जाऊ नका. क्लार्क बाईंनी याबद्दलचं छापील पत्रक दिलं होतं, ते तिला दिलं. तिने ते फॉर्मसकट डब्याच्या पिशवीत ठेवलं. तिने फॉर्म भरून दिला की नाही ते मला आजही माहीत नाही. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आवराआवर करताना क्लार्क बाई टेबलाशी आल्या. भरलेले फॉर्म बंद पेटीत होते, ती त्यांनी उचलली. सहज विचारलं, "तुमचा आला का?"

"आमची मुलगी डबा आणते," मी म्हणालो.

हे मी बोललो. कोणताही विचार न करता, आपोआप. क्लार्क बाईंनी हातातल्या पेनाने माझ्याच पाटीवर दोनदा टकटक केलं आणि पेटी घेऊन गेल्या. माझा मित्र भिंतीला टेकून इतका हसला की त्याच्या हातातलं बाळ पण हसायला लागलं.

शनिवारी सकाळी मी फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. बायको समोर कोथिंबीर निवडत होती, आई ओट्यापाशी होती. खरं सांगायचं तर आपण त्यात बसू नये अशी माझी इच्छा होती. सात महिने मी लोकांना "मधल्या काळात आहे" असं सांगत होतो. सवलतीच्या रेषेखाली नाव लागलं की तो मधला काळ राहणार नव्हता, त्याला आकडा लागणार होता. दुसऱ्यांना मी हजेरी समजावत होतो, आणि स्वतःची लावायला हात पुढे होत नव्हता.

फॉर्म सोपा असतो. घरात राहणारी माणसं, त्यांचं मिळून उत्पन्न. माणसांच्या संख्येप्रमाणे मर्यादा ठरते. बायकोचा पगार, माझा भत्ता, दोन्ही महिन्याच्या हिशोबात आणले. बेरीज तीनदा केली. चौघांच्या ओळीत आम्ही मर्यादेपेक्षा सत्तावीस डॉलर वर होतो.

मी पेन खाली ठेवलं. "बसत नाही. सत्तावीस डॉलरने."

"नक्की?" बायको म्हणाली.

"तीनदा केलं."

माझ्या आवाजात आनंद असावा, कारण आईने गॅस बारीक केला आणि मागे वळली. "काय बसत नाही?"

मी समजावून सांगितलं. घरातली माणसं अमुक असली तर उत्पन्न तमुक पाहिजे. चौघांना एवढं. आपलं थोडं जास्त आहे.

"चौघं कोण?"

"मी, ही, दोन्ही मुली."

आईने हाताला लागलेलं पीठ पदराला पुसलं आणि एकेक बोट दुमडत मोजलं. चार बोटं मिटली. अंगठा वर राहिला. तो तिने माझ्यासमोर धरला.

"आणि मी?"

मी काही बोलायच्या आत बायको कोथिंबिरीत तोंड घालून हसायला लागली.

"अगं आई, तसं नाही. आम्ही इतकी वर्षं सगळीकडे चारच लिहितो, सवयीने..."

"सवयीने! दोन वर्षं झाली मला येऊन. सकाळी साडेपाचला उठून धपाटे कोण थापतं? खायच्या वेळी मी आहे, रांधायच्या वेळी मी आहे, आणि मोजायच्या वेळी मी सोलापूरला?"

"आई, तुम्ही याला सोडू नका," बायको म्हणाली. "हा जगाच्या चुका काढतो."

थोरली मुलगी, ती आता मोठ्या मुलांच्या दुसऱ्या शाळेत जाते, वरच्या मजल्यावरून ओरडली, "बाबा फर्गॉट आजी? सीरियसली?"

मी लोकांच्या फॉर्ममधले रिकामे रकाने शोधून एकवीस वर्षं पगार घेतला होता. माझ्या पाठीमागे, चार फुटांवर, पोळ्या लाटत असलेलं माणूस मी मोजलं नव्हतं. नुसती सवय होती असं मी म्हणू शकतो. पण सवयीने वर्षानुवर्षं चार लिहिणारा माणूस ते आकडे तीनदा तपासतो, आणि माणसं एकदाही नाही, हेही खरं. चार लिहिल्याने माझी सुटका होत होती.

तरी मी लगेच पाच लिहिलं नाही. आईला धरायचं का याची खात्री हवी होती, नाहीतर मी मित्राला जे करू नको म्हणालो तेच मी करत असतो. सोमवारी क्लार्क बाईंना फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. त्या तुमच्याकडेच राहतात का? कायमच्या? खर्च, जेवण एकत्र? तिन्हींचं उत्तर हो. "मग त्या तुमच्या घरातल्या आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे माझ्याकडून ऐकावं लागलं?"

पाचांच्या ओळीत आम्ही आरामात बसत होतो.

फॉर्म द्यायला आई स्वतः आली. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. नऊवारीवर माझं जुनं जॅकेट, पायात स्पोर्ट्सचे बूट, हातात डबा. शाळेपर्यंत तिची दोन हजार तीनशे पावलं झाली. धाकटी पुढे पळत होती आणि परत येऊन आमची गती किती कमी आहे ते सांगत होती.

ऑफिसात आईने काउंटरवर डबा ठेवला आणि क्लार्क बाईंना म्हणाली, "मी पाचवी."

धाकटीने भाषांतर केलं. "शी सेज शी इज नंबर फाइव्ह."

क्लार्क बाई काउंटरच्या मागून उठून बाहेर आल्या आणि त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. मग स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. धाकटीला ते येत नव्हतं, तरी तिने भाषांतर केलं: "आजी, त्या म्हणतायत की बाबांना घरी नीट शिकवा." ते त्यांनी म्हटलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. आईने समाधानाने मान हलवली. डब्यात धपाटे होते, शेंगदाणा नव्हता. क्लार्क बाईंनी एक तिथेच उभ्याने खाल्ला, दुसरा कागदात बांधला आणि विचारलं की हे मक्याचं का नाही. आईला तो प्रश्न आवडला. पुढच्या वेळी मक्याचं करून बघते, असं तिने कळवलं.

धाकटीने तेवढ्यात तिचा विषय काढला. "आता फॉर्म भरला. मग मी फ्रायडेला ट्रे घेऊ?"

मी आईकडे बघितलं. आई फळ्यावर लावलेला महिन्याचा तक्ता बघत होती, ज्यात प्रत्येक दिवसाच्या जेवणाचं चित्र असतं.

"शुक्रवार तुझा," ती म्हणाली. "सोमवार ते गुरुवार माझे."

त्या शुक्रवारी धाकटीने आकडा दाबला. घरी येऊन सांगितलं की मशीन 'बीप' म्हणालं. पिझ्झा कसा होता याबद्दल ती काही बोलली नाही. खूप खोदून विचारल्यावर म्हणाली, "ओके होता. थोडं तिखट पाहिजे होतं."

मोजणीचा निकाल नोव्हेंबरच्या सुरुवातीला कळला. मुख्याध्यापिकेने सभेत फक्त एकच वाक्य सांगितलं: आपण रेषेच्या वर आहोत, सात मुलांनी. म्हणजे त्या महिन्यात तेवीस मुलं नव्याने मोजली गेली होती. ती कोणाची, हे मी कधी शोधलं नाही. बाई त्या दिवशीही मागच्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढून परत केसांत घातला. माझ्या मित्राने टाळ्या सुरू केल्या आणि खुर्च्या आणल्याचं श्रेय घेतलं.

घरी बातमी सांगितली तेव्हा आई विचारात पडली. "सात जास्त आले?"

"हो."

"मग आपली एक नसती तरी बाईंची नोकरी राहिली असती."

"राहिली असती."

"मग आपला फॉर्म फुकटच गेला म्हणायचा."

"नाही गेला. नाहीतर आकडा सहा आला असता, आणि तो चूक असता."

बायको म्हणाली, "याला नोकरी मिळू दे रे देवा." पण हसत होती.

थँक्सगिव्हिंगच्या आधी शाळेत एक दिवस घरच्या मंडळींना मुलांबरोबर जेवायला बोलावतात. आई गेली. मोठ्यांचे पैसे वेगळे भरावे लागतात, ते तिने स्वतःच्या पाकिटातून, मोजून दिले. मग ट्रे घेऊन, बुटक्या बाकावर गुडघे आवळून, तिसरीच्या सतरा मुलांमध्ये बसली. कुस्करलेला बटाटा तिने चाखला, पर्समधून छोटी डबी काढली आणि वर जवसाची चटणी भुरभुरली. समोरच्या मुलीने हात पुढे केला. मग तिच्या शेजारच्याने. वाचनखोलीच्या बाई आपला ट्रे घेऊन त्याच बाकावर येऊन बसल्या आणि त्यांनीही हात पुढे केला. डबी पाच मिनिटांत संपली. आईला दूध नको होतं. न उघडलेली खोकी ठेवायला तिथे एक टेबल असतं, ज्याला हवं त्याने तिथून उचलावं. आईने तिथे आपलं दूध ठेवलं आणि ते कोणी नेतं का ते बघत उभी राहिली. एका मुलाने नेलं. ती परत येऊन बसली.

जानेवारीत मला नोकरी लागली. मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात फोन केला की आता आम्ही मर्यादेच्या वर गेलो, आमची मुलगी काढा. क्लार्क बाईंनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. एकदा मंजूर झालेलं वर्षभर चालतं, नियम तसाच आहे, त्या म्हणाल्या, तुम्ही वाटल्यास वाचा. मी वाचला. तसाच आहे. पुढच्या वर्षी आम्ही फॉर्म भरला नाही, कारण बसत नव्हतो, पाचांच्या ओळीतसुद्धा. धाकटीचा शुक्रवार मात्र चालू आहे.

टेबल अजून लावतो. ऑक्टोबरच्या त्याच संध्याकाळी, जिमच्या दाराशी. पाटीवर आता दुसरी ओळ आहे, तिन्ही भाषांत: "घरातले आजी-आजोबा मोजलेत का?" त्यातली मराठी ओळ आईच्या अक्षरात आहे. आई माझ्या शेजारी खुर्चीवर बसते. तिला इंग्रजी येत नाही, स्पॅनिश येत नाही. समोर कोणी फॉर्म भरत असलं की ती वाकून माणसांच्या रकान्यात बघते, आणि मग त्या घराकडे बघून एकेक बोट दुमडायला लागते. बहुतेक लोक तिच्याबरोबर मोजतात. मागच्या वेळी एका माणसाने तीन लिहिलं होतं. तो तिसऱ्या बोटापाशी थांबला, मागे उभ्या असलेल्या आपल्या सासऱ्यांकडे त्याने बघितलं आणि तिनाचं चार केलं.

त्या संध्याकाळी पलीकडे वाचनखोलीत दिवा होता. भिंतीवर चेंडू आदळत होता आणि आत कोणीतरी ठोक्यागणिक एकेक शब्द म्हणत होतं.